ग्राफिक डिझाईनचं पहिलं वर्ष नेमकं कसं असतं? चित्रकला बेताची असेल तर जावं का?

तुम्ही विचारलंय की चित्रकला बेताची आहे, सॉफ्टवेअर अजून उघडूनही बघितलेलं नाही, मग ग्राफिक डिझाईनला जावं का आणि पहिल्या वर्षी करून घेतात तरी काय. माझं पहिलं वर्ष आत्ताच संपलंय, शेवटचं सबमिशन होऊन महिनाही झाला नाही, तर डोक्यात ताजं आहे तोवर लिहिते.

चित्रकलेचं आधी सांगते कारण मलाही हीच भीती होती. आमच्या वर्गात हुबेहूब पोर्ट्रेट काढणारी मुलं आहेत आणि माझ्यासारखी, जिला हाताची बोटं नीट काढता येत नाहीत, अशी पण आहेत, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच लक्षात आलं की कामाच्या दर्जाचा याच्याशी फार संबंध नाही. डोक्यातली कल्पना समोरच्याला कळेल इतपत पटकन कागदावर उतरवता आली पाहिजे, बस. काडेपेटीएवढ्या चौकटीत थंबनेल, म्हणजे झटपट कच्ची रेखाटनं काढायची, एका विषयाची तीस-चाळीस. पहिली दहा सगळ्यांची सारखीच येतात, वीसच्या पुढे गेलं की काहीतरी स्वतःचं निघायला लागतं. मी सुरुवातीला पाचच काढून थांबायची आणि मग त्याच पाचांत अडकून पडायची.

सॉफ्टवेअर तर पहिले कित्येक आठवडे हातातच दिलं नाही. कागद, कात्री, डिंक, पेन्सिल. तेव्हा वाटलं वेळ फुकट चाललाय, आता वाटतं तेच खरं वर्ष होतं.

एक असाइनमेंट सविस्तर सांगते म्हणजे अंदाज येईल. एका कार्यक्रमाची माहिती दिली होती: नाव, वक्ते, तारीख, वेळ, जागा, नोंदणी कशी करायची. एकच फॉन्ट, एकच साइझ, रंग नाही, चित्र नाही, बोल्ड पण नाही. फक्त मजकूर कागदावर कुठे ठेवायचा आणि किती जागा सोडायची एवढंच आपल्या हातात. मी वेगवेगळ्या रचना करून शेवटी मजकूर तिरका, पायऱ्यांसारखा उतरत जाणारा ठेवला, मला तो खूप आवडला होता. क्रिटच्या, म्हणजे सगळ्यांसमोर कामाची चर्चा होते त्या दिवशी सगळ्यांची शीट्स भिंतीवर लावली आणि मॅडमनी दुसऱ्या विभागातल्या एका मुलाला बोलावून लांब उभं केलं आणि म्हणाल्या, कार्यक्रम किती वाजता आहे ते शोध. माझ्या शीटसमोर तो नुसता बघत राहिला, मग दोन पावलं पुढे आला, मान तिरकी केली, तरी सापडेना. शेजारच्या शीटवर तारीख-वेळेच्या वर-खाली फक्त दोन ओळींची जागा सोडलेली होती, बाकी काहीच केलं नव्हतं, तिथे त्याला क्षणात सापडलं. मॅडम मला काही बोलल्या नाहीत, पण त्या मुलाची ती तिरकी झालेली मान अजून डोळ्यासमोर आहे. तोपर्यंत मी प्रत्येक काम मला कसं दिसतंय हेच बघत होते, वाचणारा माणूस त्यात नव्हताच.

त्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाची गोष्ट खरी कळली. हॅरी बेक हा माणूस मुळात तांत्रिक ड्राफ्ट्समन, त्याने १९३१ मध्ये असा नकाशा केला की सगळ्या रेषा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत आणि स्टेशनांमधलं अंतर खऱ्या अंतराशी न जुळणारं. आधी तो नाकारला गेला, मग १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी उचलून धरला, कारण जमिनीखाली असलेल्या माणसाला वर कुठला रस्ता कुठे वळतो याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला कुठे चढायचं, कुठे बदलायचं आणि कुठे उतरायचं एवढंच हवं असतं. काय दाखवायचं नाही हे ठरवणं पण डिझाईनच असतं हे मला त्या नकाशातून कळलं.

रंगांचा एक प्रयोग तुम्ही घरी पण करू शकता. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापायचे, एक गडद रंगावर चिकटवायचा, एक फिकट रंगावर. दोन वेगळे राखाडी दिसतात, अगदी शप्पथ घेऊन सांगावं इतके वेगळे. माझा विश्वासच बसेना, मी त्याच कागदाची पट्टी दोन्हींना जोडून बघितली तेव्हा पटलं. शेव्ह्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबेलाँ या चित्रांचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हताच, शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. तेव्हापासून मी रंग कधी एकटा निवडत नाही, शेजारी काय येणार ते आधी ठेवून बघते.

आता टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची रचना आणि मांडणी, इथे मी जरा रेंगाळणार कारण माझं मन तिथेच लागलं. गोल आणि चौकोन मोजून सारख्याच उंचीचे काढले तर गोल लहान दिसतो, म्हणून इंग्रजी फॉन्टमध्ये ओ हे अक्षर एचपेक्षा वर आणि खाली किंचित बाहेर काढलेलं असतं. पट्टी बरोबर सांगते आणि डोळ्याला चूक दिसतं, तेव्हा डोळ्याचं ऐकायचं. देवनागरीत तर अजून मजा. बोरूने अ आणि क गिरवले तेव्हा कळलं की आपल्या अक्षरांत रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक हे बोरूच्या टोकाच्या कापाच्या कोनावरून ठरतं आणि तो कोन रोमन लिपीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, उलटा असतो. अक्षरांच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर मराठीला कमी पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो.

एका पोस्टरवर मी मराठी शीर्षकाला ऐटीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं, इंग्रजीत छान दिसतं म्हणून. शिरोरेषा अक्षराअक्षरात तुटली आणि शब्दच राहिला नाही, सुटी अक्षरं झाली. त्याच फाईलमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाऊन बसली होती आणि जोडाक्षरं फुटली होती, तर इनडिझाईन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो हे मला सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं. अजून एक, काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात पण मजकुराची भाषा मराठी ठरवून दिली तरच ते येतात. हे आपल्यालाच बघावं लागतं, कारण मराठी न वाचता येणाऱ्या माणसाला फुटलेलं जोडाक्षर पण ठीकच दिसणार. मला याची फार तळमळ वाटते, आपली भाषा मोडकी छापली जाते तेव्हा कुणीतरी शेवटचं वाचून बघितलेलं नसतं.

छपाईत पहिल्यांदा मी जाम रडले. स्क्रीनवरचा लखलखीत निळा कागदावर मळकट जांभळट आला, कारण फाईल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या प्रकाशाच्या रंगांत केली होती आणि छपाईची शाई सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशी चार शायांची, तो निळा शाईत बसतच नाही. शिवाय ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, सोडलं नव्हतं म्हणून कापल्यावर एका कडेला पांढरी रेघ राहिली. आता नवी फाईल उघडली की सगळ्यात आधी चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड टाकते, मग बाकीचं.

अवघड काय, तर पुन्हा पुन्हा करणं. चांगलं झालेलं काम पण सहा वेळा बदलायला लागतं आणि क्रिटमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. पहिल्या सत्रात मी प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचे, नंतर वहीत लिहून घ्यायला लागले आणि दोन दिवसांनी वाचायचे, तेव्हा त्यातलं बरंचसं खरं वाटायचं. दुसऱ्यांच्या कामाशी तुलना होतेच, ती मला अजून थांबवता आलेली नाही.

तर जावं का? वरची ती कार्यक्रमाच्या माहितीची असाइनमेंट घरी करून बघा. कुठलीही आठ-दहा ओळींची माहिती घ्या, एकाच साइझमध्ये लिहून ओळी कापा आणि कोऱ्या कागदावर हलवत बसा, वीस वेगवेगळ्या रचना, प्रत्येकीचा फोटो काढा आणि घरातल्या कुणालाही विचारा की वेळ काय लिहिलीये. रचना चांगल्या नाही आल्या तरी काही बिघडत नाही, माझ्या पण नव्हत्या आल्या. पण बारावी-तेरावी रचना करताना अजून एक करून बघू असं आपणहून वाटलं तर फॉर्म भरून टाका, आणि पाचव्या रचनेलाच कंटाळा आला तर घाई करू नका, आधी शिकणाऱ्या कुणाच्या तरी वर्गात जमलं तर एखादा दिवस बसून बघा.