डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळात पॅलाडिनने शरण आलेल्या गॉब्लिनला मारलं, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) त्याच्या शक्ती काढून घ्याव्यात का?

नका काढू. हा प्रश्न त्या पॅलाडिनपेक्षा तुमचा, म्हणजे डीएमचा, जास्त आहे.

तुम्ही लिहिलंय की बांधलेला गॉब्लिन (खुजा राक्षस) गयावया करत होता, पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेतलेल्या योद्ध्याने, त्याचा गळा चिरला, आणि आता तुम्हाला पॅलाडिनचं 'लॉफुल गुड' (नियमाने वागणारा सज्जन) हे अलाइनमेंट, म्हणजे नैतिक कल, काढून घ्यायचंय. पण पॅलाडिनची शपथ कोणती, हे कुठेच नाही! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन शपथेला बांधील असतो, अलाइनमेंटला नव्हे. डिव्होशनच्या (निष्ठेच्या) शपथेत शत्रूवर दया करायची असते, तीही तारतम्याने. व्हेंजन्सच्या (सूडाच्या) शपथेत 'दुष्टांना दया नाही' हे कलमच आहे. किरकोळ शत्रूला दया मिळू शकते, ज्याच्याविरुद्ध शपथ घेतली त्याला नाही. समजा शपथ मोडलीच, तरी आधी येतं प्रायश्चित्त: क्लेरिककडे (पुरोहिताकडे) कबुली, रात्रभर जागून प्रार्थना किंवा उपास. क्लास (पॅलाडिन हा पेशा) सोडायला लावणं किंवा ओथब्रेकर (शपथभ्रष्ट पॅलाडिन) करणं फक्त शपथ जाणूनबुजून मोडून वर पश्चात्तापही नसेल तेव्हा. अलाइनमेंट बदललं की एक लेव्हल कापायची ही १९७९ ची सवय आहे, ती आता सोडा.

आता खरी गोष्ट. खेळाडू कैद्यांना मारतात, कारण डीएमने त्यांना तसं शिकवलेलं असतं. पहिल्यांदा सोडलेला गॉब्लिन रात्री वीस भाऊबंद घेऊन येतो. दुसऱ्यांदा बांधलेला दोर कुरतडून पळतो आणि पहारेकऱ्याच्या पाठीत सुरी खुपसतो. तिसऱ्या वेळी कोण दया दाखवेल? मग डीएम म्हणतो, खेळाडू क्रूर आहेत.

आकडे बघा, त्याच २०१४ च्या नियमांतले. तागाच्या दोराची किंमत १ सोन्याचं नाणं, तो तोडायला स्ट्रेंथचा (ताकदीचा) डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, १७. गॉब्लिनची स्ट्रेंथ ८, म्हणजे फाशात उणे १. वीस बाजूंच्या फाशावर १८ किंवा जास्त पडलं तरच दोर तुटतो, म्हणजे १५ टक्के. २ नाण्यांच्या बेड्या तोडायला डीसी २०, ते त्याला अशक्यच. बेड्यांतून निसटायला डेक्सटेरिटीचा (चपळाईचा) डीसी २०; गॉब्लिन चपळ असला तरी तिथेही १५ टक्केच. पण तुम्ही दर तासाला फासा टाकायला दिलात, तर आठ तासांत तो चारात जवळपास तीन वेळा सुटणार. म्हणून रात्रभरात एकच फासा. सोडून दिलेल्याचं काय होतं, तेही मनाने ठरवू नका. मी सहा बाजूंचा फासा टाकतो: १ पडला तर दगा, २ ते ४ आपल्या वाटेने निघून गेला, ५-६ तर पुढे कुठेतरी कामाला येतो. फासा सगळ्यांसमोर टाकायचा.

तलवारीच्या शेवटच्या वाराने ज्याचे जीवनगुण शून्यावर आले त्याला मारायचं की बेशुद्ध करायचं, हे मारणारा ठरवतो, हा नियम निम्मी टेबलं विसरतात. बाणाने किंवा फायरबॉलने (आगीच्या मंत्राने) ते जमत नाही. दर लढाईत एकदा आठवण करून द्या.

आणि वार होण्याआधी बोला: "याने हत्यार टाकलंय. मारलंस तर तुझ्या शपथेचा प्रश्न येईल. मारतोस?" तो हो म्हणाला तर परिणाम त्याने स्वतः घेतलेला असतो. नंतर काढलेली शिक्षा म्हणजे नुसतं डाव साधणं.

नैतिकतेचं मोजमाप हवंच असेल तर ते आधीच कागदावर असू द्या. व्हॅम्पायर या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ह्युमॅनिटीच्या (माणुसकीच्या) दहा चौकोनांत वाईट कृत्यांचे डाग चढतात, आणि सेशन संपताना ह्युमॅनिटी व डाग यांच्या मधल्या रिकाम्या चौकोनांइतके दहा बाजूंचे फासे टाकतात, किमान एक. एकावरही ६ किंवा जास्त आलं तर पश्चात्ताप झाला, नाहीतर ह्युमॅनिटी एकाने उतरते. डाग दोन्ही वेळा पुसले जातात. तिथे डीएमच्या रागलोभाला फारशी जागाच नाही.

हो, छळाचे प्रसंग वेगळे. ते टेबलावर येणारच नाहीत की पडद्याआड होतील, हे पहिल्या सेशनच्या आधी ठरवा. तिथे कोणाचीही अडचण पुरेशी आहे, कारण विचारू नका.

बाकी "माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणणाऱ्याला एकच विचारायचं: ते कॅरेक्टर लिहिलं कोणी? आणि "गॉब्लिन मुळातच न्यूट्रल ईव्हिल (दुष्ट), मारला तर काय बिघडलं" म्हणणाऱ्यांनी २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलची, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकाची, प्रस्तावना उघडावी. तिथे छापलेलं अलाइनमेंट हे फक्त मूळ गृहीतक आहे, डीएमला ते बदलता येतं, असं तेच पुस्तक म्हणतं.