झिलोवर दाखवलेली घराची किंमत किती खरी मानायची?

तुम्ही विचारलंय की घर विकायला काढायचंय, झिलो या अमेरिकेतल्या घरांच्या वेबसाइटचा झेस्टिमेट, म्हणजे कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला किमतीचा अंदाज, ५ लाख डॉलर दाखवतोय, रेडफिन या तशाच दुसऱ्या साइटवर वेगळाच आकडा आहे, तर विसंबायचं कुणावर. माझं स्पष्ट मत, विकायची किंमत ठरवायला दोघांवरही नको.

झिलो स्वतःच सांगतं की लिस्ट झालेल्या, म्हणजे विक्रीला लावलेल्या घरांसाठी त्यांची मीडियन एरर (मधली चूक) साधारण २ टक्के आणि लिस्ट न झालेल्यांसाठी साधारण ७ टक्के. लोक तो २ चा आकडा बघून निर्धास्त होतात, पण घर लिस्ट झालं की मालकाने मागितलेली किंमतही मॉडेलला कळते आणि अंदाज लगेच तिच्याकडे सरकतो, म्हणजे पेपर फुटल्यावर मिळालेले मार्क आहेत ते. तुमचं घर अजून लिस्ट नाही, त्यामुळे तुम्हाला ७ वाला आकडा लागू. आणि मीडियन म्हणजे निम्म्या घरांची चूक त्याहून मोठी असते. ५ लाखावर ७ टक्के म्हणजे ३५ हजार डॉलर झाले, आणि तुमचं घर कुठल्या निम्म्यात आहे ते विकल्याशिवाय कळत नाही.

२०१६ मध्ये झिलोचे तेव्हाचे सीईओ स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं सिएटलचं घर साडेदहा लाख डॉलरला गेलं, झेस्टिमेट होता साडेसतरा लाखाच्या आसपास. पुढे कंपनीने स्वतः घरं विकत घ्यायचा धंदा सुरू केला आणि तो २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गुंडाळला, किमतींचा अंदाज बांधणं वाटलं होतं त्यापेक्षा फार बेभरवशाचं निघालं असं त्यांनीच सांगितलं.

मॉडेल बघतं काय, तर काउंटीचे (स्थानिक सरकारी) रेकॉर्ड, टॅक्स, आजूबाजूची विक्री. आत कोणी येऊन बघत नाही. आमच्या सबडिव्हिजनमध्ये एकाच बिल्डरची, एकाच प्लॅनची दोन घरं आहेत, एकाच्या मागे झाडी आणि दुसऱ्याच्या बॅकयार्डला लागून हायवे, रात्री ट्रकचा आवाज बेडरूमपर्यंत येतो, आणि ऑनलाइन दोघांची किंमत जवळपास सारखी! घर बघायला येणारा माणूस मात्र पाच मिनिटात तो फरक ओळखतो. टेक्सससारख्या राज्यात तर विक्रीची किंमत जाहीर करणं सक्तीचंच नाही, तिथे मॉडेलला मुळात माहितीच कमी मिळते. याउलट एकसारखी घरं आहेत आणि सतत विकली जातायत अशा ठिकाणी अंदाज बऱ्यापैकी जवळ येतो, हेही खरं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी झिलोवर घर क्लेम करून, म्हणजे मालक म्हणून नोंद करून, स्क्वेअर फूट, बाथरूम, फिनिश्ड बेसमेंट ही माहिती तपासली असती, काउंटीचं रेकॉर्ड जुनं असतं बऱ्याचदा. मग दोन-तीन रिअल्टरना (घरांच्या एजंटना) बोलवून सीएमए, म्हणजे आसपास विकल्या गेलेल्या तशाच घरांवरून काढलेला किमतीचा अंदाज, मागायचा, बहुतेक जण फुकट देतात, पण फक्त आकडा ऐकून घेऊ नका, कुठली घरं कॉम्प्स म्हणून, म्हणजे तुलनेला धरली आणि ती कधी विकली गेली ते विचारा, कारण घर विकायचं काम आपल्याला मिळावं म्हणून काही जण मुद्दाम चढी किंमत सांगतात. तिघांचे आकडे फारच लांब पडले तर काही शे डॉलर खर्चून अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाकडून घराचं मूल्यांकन, करून घ्या.

आणि झेस्टिमेट आठवड्यात खाली आला म्हणून घाबरलात तेही लिहिलंय तुम्ही. तो सारखा अपडेट होत असतो, शेजारचं एखादं घर स्वस्तात गेलं तरी हलतो, त्यावरून घाईने किंमत उतरवू नका.