फुप्फुसांची ताकद कमी असेल तर लकवा आणि हार्ट अटॅकचा धोका वाढतो का?

हो, वाढतो. फुप्फुसं कमजोर असली की हा धोका वाढतो, असं तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं, ते खरं आहे.

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५८, स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून होणाऱ्या फुप्फुसांच्या तपासणीत, क्षमता ६० टक्के आली, डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितला आणि आता कोणता व्यायाम करावा असं विचारलंय. पुढं असंही लिहिलंय की घरच्यांच्या मते मशीनच चुकलं असणार, कारण तिनं जन्मात बिडीला हात लावलेला नाही. या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले. आमच्या घरात असंच वर्षानुवर्षं बोललं गेलं आणि ते माझ्या आईच्या अंगावर निघालं.

मी मूळची एरंडोल तालुक्यातली, सध्या जळगावला असते. माझी माय मांडे करायची. घरच्यापुरते नाही, पंचक्रोशीतल्या लग्नांत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला बोलावणं यायचं. पीठ इतकं तिंबायची की रबरासारखं ताणलं जायचं. पुरण भरलेली पारी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. तिच्या मांड्यातून पलीकडचं दिसायचं. लग्नघरी पहाटे बसली की दुपार कलेपर्यंत चुलीपुढून उठायची नाही. सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि मिळालंच तर बाभूळ. पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि धूरही तसाच देतात. वरून पत्र्याची पडवी, धूर जाणार कुठं? तो मायच्या छातीत जायचा. मी लहानपणापासून पाहिलंय: मांडा खापरावर पडला की ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची, ओठ बारीक करून हळूहळू श्वास सोडायची, मग पुढची पारी उचलायची. पुढं कळलं की फुप्फुसं खराब झालेली माणसं नेमकं असंच बसतात आणि असाच श्वास सोडतात. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

माझे थोरले काका, त्यांना आम्ही जिभाऊ म्हणतो, घरातले कर्ते. वडील लवकर गेले, तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक निर्णय त्यांचा. त्यांनी केलं तेही खूप, ते मी नाकारत नाही. पण मायच्या खोकल्यावर त्यांचं एकच ठरलेलं, "वय झालं, आणि चुलीच्या धुरानं कुणी मेलंय का? आपल्या आजीनं नव्वदीपर्यंत चूल फुंकली." गावात एकदा तपासणी शिबिर आलं होतं. मायनं नळीत फुंकलं. चिठ्ठी मिळाली, त्यावर एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर फेकलेली हवा अपेक्षेच्या ५४ टक्के, आणि एकूण हवेशी तिचं गुणोत्तर ०.५८. हे गुणोत्तर औषधाचा पफ देऊनही ०.७० च्या खाली राहिलं की श्वासनळ्या अरुंद झाल्या असं धरतात. पफ दिल्यानंतरचाच आकडा तो. मी म्हटलं, छातीच्या डॉक्टरांना दाखवू. जिभाऊ म्हणाले, शिबिरवाले पंप खपवायला येतात. मायही त्यांच्याच बाजूची: "मी बरी शे, कसाले पैसा खर्च करस?" चिठ्ठी मी माझ्याकडे ठेवली.

मग एका हिवाळ्यात, संक्रांत होऊन गेल्यावर, तिची छाती भरली. ताप, हिरवट बेडका, रात्रभर बसून काढायची. गावातल्या डॉक्टरांच्या औषधानं ताप उतरला, खोकला कमी होत आला, आणि एका सकाळी तिच्या उजव्या हातातून तांब्या निसटला. उचलायला वाकली तर पायानं साथ दिली नाही. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. मला फोन आला तेव्हा मी ओरडून सांगितलं, कुठंही नेऊ नका, सरळ जळगावला आणा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका. पण तोवर नाकाला कांदा लावून झाला होता, तळपायाला तेल चोळून झालं होतं, आणि कुणीतरी मायेनं चहा पाजला होता. चहा ठसक्यानं उलटा गेला. वरून जिभाऊंनी जीप काढली ती लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका गावी. जळगावला आणली तेव्हा रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पुढं हॉस्पिटलात तिला न्यूमोनिया झाला. लकव्यानं गिळण्याचे स्नायू दुबळे होतात, पोटात जायचं ते श्वासनलिकेत जातं. लकव्यानंतर न्यूमोनिया हे मृत्यूचं एक मोठं कारण आहे, आणि आधीच अर्ध्यावर आलेली फुप्फुसं त्याला कितीशी झुंज देणार? म्हणून सांगते, लकव्याच्या माणसाला गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटभर पाणीही देऊ नका, कुणी कितीही मायेनं वाटी पुढं करो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात चूल होती का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. बीपीचे डॉक्टर बीपी पाहायचे, खोकल्याचे डॉक्टर खोकला, दोन फायली, दोन पिशव्या. ईसीजीत तिचे ठोके अनियमित निघाले, एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. सीओपीडीच्या रोग्यांत हे ठोके बिघडणं जास्त दिसतं, असं त्यांनी समजावलं.

बाकीचं मी तेव्हापासून वाचत गेले. धुरानं श्वासनळ्यांना आलेली सूज तिथंच थांबत नाही, रक्तात उतरते. सीआरपी, फायब्रिनोजेन ही सूज आली की रक्तात वाढणारी प्रथिनं वाढतात, रक्त गोठायला सोपं होतं, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, धमन्या ताठ होतात. ऑक्सिजन कायम कमी राहिला तर शरीर तांबड्या पेशी जास्त बनवतं आणि रक्त दाट होतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढून उजव्या बाजूच्या हृदयावर ताण येतो, पाय सुजतात. आत अडकलेल्या हवेमुळं हृदय नीट भरतही नाही. आणि छाती भरून आल्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात नाजूक. त्या काळात हार्ट अटॅक आणि लकवा दोन्ही वाढतात, हे ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१० साली दाखवलं गेलं. मायचं नेमकं तसंच झालं.

हे काही आजचं ज्ञान नाही. लंडनच्या जॉन हचिन्सननं १८४६ साली स्पायरोमीटर लोकांपुढं मांडला, दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून, तेव्हाच त्याला वाटलं होतं की विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल, म्हणजे कोण किती जगेल याचा अंदाज यातून येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातही कमी श्वासक्षमता आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. स्कॉटलंडच्या रेनफ्रू आणि पेझ्ली या गावांतल्या ४५ ते ६४ वयाच्या सुमारे १५,००० स्त्री-पुरुषांना १९७० च्या दशकात तपासलं आणि पुढं १५ वर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांची फुंक सगळ्यात कमी, त्यांच्यात हृदयविकारानं आणि लकव्यानं मरणारे जास्त. लकव्याचं प्रमाण दीडपटीच्या वर. आणि आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्यांतही कमी फुंकेबरोबर मृत्यू वाढलेलेच दिसले. तुमच्या घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

आपल्याकडं तर कोविडच्या आधीच्या मोजदादीत मृत्यूच्या कारणांत हृदयविकार पहिला आणि सीओपीडी दुसरा. त्यात चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाया किती असतील! उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघर पोचला, पण भरताची वांगी काड्यांवरच भाजायची, मांडे खापरावरच करायचे आणि सिलिंडर संपला की महिनाअखेर पुन्हा चूल. जिच्या हातचं सगळ्या गावानं खाल्लं तिच्या छातीत काय साठलं हे गावानं विचारायला नको?

जिभाऊ आजही म्हणतात, "तिची फुप्फुसं लकव्यामुळं गेली, आधी ठणठणीत होती." लकव्यानंतर तिची पुन्हा स्पायरोमेट्री केली तेव्हा उजवीकडून ओठ मिटत नव्हते, हवा निसटायची, त्या मुलीनं बोटांनी ओठ धरून "फुंका आजी, अजून, अजून" करत मोजणी घेतली. त्यामुळं तो आकडा कमी येणारच, हे मलाही मान्य. पण लकव्यानं छातीचे स्नायू दुबळे झाले तर पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा दोन्ही बरोबरीनं घटतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. मायचं गुणोत्तर तर लकव्याच्या कितीतरी आधी, शिबिराच्या चिठ्ठीवर, ०.५८ होतं. ते नळ्या अरुंद झाल्याचंच लक्षण. चिठ्ठीवर तारीख आहे, शिक्का आहे. यापुढं आणखी काय पुरावा द्यायचा?

आता तुमच्या आईचं. छातीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन तिला हृदयाच्या डॉक्टरांकडं न्या. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, गरज वाटली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ठोके अनियमित आहेत का हे मुद्दाम विचारा. दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. सीओपीडी आहे म्हणून काही ठिकाणी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या गोळ्या, द्यायचंच टाळतात, पण हृदयाला खरोखर गरज असेल तर त्यातल्या हृदयापुरत्या काम करणाऱ्या गोळ्या बहुतेकांना चालतात. ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही विचारा मात्र. फ्लू आणि न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूची लस घ्या, छाती भरणं टाळणं म्हणजे हृदयालाही जपणं. घरात ऑक्सिजन आणायची वेळ आली तर आपल्या मनानं नळ जास्त सोडू नका. सीओपीडीत रक्तातल्या ऑक्सिजनचं साधारण ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात. मिश्री लावत असेल तर तीही बंद, आमच्याकडं बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत. आणि चूल बंद म्हणजे बंद, सणावारालाही नाही.

व्यायामाचं विचारलंत. रोज सपाटीवर चालणं, दम लागला की थांबणं, ओठ बारीक करून श्वास सोडणं. जळगाव, धुळ्याच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर. छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही, ते माझं क्षेत्र नाही.

मी डॉक्टर नाही, हेही सांगून ठेवते. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपीच आहे, ते सोडून फुप्फुसांच्या मागं लागू नका. कमी फुंक आणि लकवा यांचा संबंध पक्का आहे, पण एका माणसात अमुक कशामुळं झालं हे बोट ठेवून सांगणं अवघड असतं. ६० टक्के म्हणजे लकवा होणारच असंही नाही. खूप जण नीट औषध घेऊन वर्षानुवर्षं चांगले राहतात.

माय आता काठीनं चालते, उजव्या हाताची मूठ अर्धीच मिटते. तिच्याजवळ बसून माझी मुलगी पीठ तिंबायला शिकली, गॅसवर, खिडकी उघडी ठेवून. खापर गॅसवर तापायला वेळ घेतं, पण मांडा होतो. जिभाऊंना चव वेगळी लागते म्हणे.

काकू, म्हणजे जिभाऊंची बायको, हल्ली ओट्याच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबते. तिनंही आयुष्यभर चूलच फुंकली. पुढच्या आठवड्यात मी तिला स्पायरोमेट्रीला जळगावला नेतेय. जिभाऊंनी जीप दिली तर ठीक, नाही तर एसटी आहे.