'लॉर्ड गणेश' लिहावं का?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेतले लेख मी इंग्रजीत करते आहे. सगळीकडे 'लॉर्ड गणेश' लिहिलंय. सून म्हणते, "आई, हा साहेबाच्या काळातला शब्द, काढून टाका." काढू का? आणि देवीच्या नावाआधी काय लिहू?

उत्तर : ताई, शब्द साहेबाबरोबर आला हे खरं, पण त्याचं मूळ स्वयंपाकघरात आहे. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ', आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणदार. घरातल्या सगळ्यांच्या पोटाची काळजी वाहणारा धनी, तो लॉर्ड. 'लेडी'चा मूळ अर्थही पिठाचा गोळा मळणारी. आपल्या 'भगवान'मधला 'भग' हा 'भज्' धातूचा, म्हणजे वाटणे, वाटा देणे. 'भाग' आणि 'भक्त'ही त्यातलेच. दोन भाषांतली देवाची नावं अशी घासाजवळ येतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

देवासाठी हा शब्द पक्का झाला तो बायबलमुळे. ज्यू परंपरेत ईश्वराचं चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, वाचताना 'अदोनाय', म्हणजे 'माझे स्वामी', म्हणतात. १६११च्या किंग जेम्स बायबलात त्या नावाच्या जागी बहुतेक ठिकाणी 'लॉर्ड' छापलं गेलं.

म्हणून 'लॉर्ड गणेश' चूक नाही. आपले प्रभू, स्वामी, नाथ याच पंक्तीतले. फक्त पहिल्या उल्लेखाला लिहा, पुढे नुसतं 'गणेश' पुरे. देवीसाठी 'गॉडेस' रुळलेला आहे. 'लेडी दुर्गा' लिहू नका; तो मान इंग्रजीत येशूच्या आईचा. मी स्वतः 'देवी दुर्गा' असंच ठेवते.

एका ठिकाणी मात्र 'लॉर्ड' कटाक्षाने टाळा. एका अभंगाचं भाषांतर करताना 'विठाई'साठी मी 'लॉर्ड विठ्ठल' लिहिलं होतं. मुद्रितं तपासताना त्या ओळीवर थांबले. ज्याला आपण 'तू' म्हणतो, 'माऊली' म्हणतो, तो एकदम उंच आसनावर जाऊन बसला होता. खोडलं, 'विठाई' तसंच ठेवलं आणि पहिल्यांदा आलं तिथे शेजारी 'मदर' लिहिलं. तुमच्या लेखांत विठोबा आला, तर त्याला असाच आणा.