प्लॉट पाडण्याआधी बाग आखायची असेल तर

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते, बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी माझ्या मावशीने पर्वरीला एका नव्या कॉलनीत घर घेतलं. विकताना दाखवलेल्या नकाशावर हिरव्या रंगात मोठी बाग होती. आता पाहिलं तर ती जागा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मागचा उतार आहे, तिथे कुणी जात नाही. आजी तिकडे राहायला गेली की संध्याकाळी गाड्या चुकवत रस्त्यावरूनच फिरते. हे सगळं कोण ठरवतं? आणि हे नीट करायला शिकायचं असेल तर मी काय शिकू? मला चित्रं काढायला आवडतात, झाडांचीही आवड आहे. एक वर्षाचा गार्डन डिझाइनचा डिप्लोमा मी पाहून ठेवला आहे. बाबा म्हणतात, सिव्हिल कर नाहीतर कॉम्प्युटर. गणितात मला पासष्टच्या आसपास मार्क पडतात. गोव्यात यात काम मिळेल का?

उत्तर : आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण काय शिकायचं ते त्यातूनच कळेल.

जमीन विकसित करायची ठरली की सर्व्हेअर उंचसखलपणा मोजून नकाशा करतो. मग आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर आराखडा काढतो. आत येणारा रस्ता, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना प्लॉट. हे बसवून झाल्यावर जे उरतं, म्हणजे तीव्र उतार, व्हाळाचा काठ, विजेच्या तारांखालचा कोपरा, त्याला हिरवा रंग दिला जातो. फाइल टाउन अँड कंट्री प्लॅनिंग (टीसीपी) खात्याकडे किंवा त्या भागातल्या पीडीएकडे, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाकडे, आणि पंचायतीकडे जाते. तिथे मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ नियमाप्रमाणे भरतं की नाही ते तपासतात. ती जागा सपाट आहे का, घरांतून दिसते का, म्हातारं माणूस तिथवर चालत पोचेल का, हे क्षेत्रफळाच्या आकड्यात कुठेच येत नाही. तुझ्या मावशीच्या कॉलनीतली बाग बहुधा अशीच, आराखड्याच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरून गेली असणार.

झाडं लावणाऱ्या माणसाला बोलावतात ते रस्ते डांबरून झाल्यावर. त्याच्या हाती तोच उतार येतो आणि तो बिचारा त्यावर लॉन आणि चार पाम लावून निघून जातो. म्हणून तो एक वर्षाचा डिप्लोमा तू आत्ता घेऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून झाडांची माहिती मिळेल, पण प्लॉट पाडण्याच्या बैठकीत तुला खुर्ची मिळणार नाही. तुझा प्रश्न त्या बैठकीत सुटतो. त्या खुर्चीवर नेणारं शिक्षण निवड.

हे काम किती विचाराचं आहे ते कळावं म्हणून एक उदाहरण घे. समज, २०,००० चौरस मीटर जमीन आहे आणि १५ टक्के मोकळी सोडायची आहे, म्हणजे ३,००० चौरस मीटर. ती एकाच ठिकाणी ठेवायची, की ७५० चे चार तुकडे करायचे? एकत्र ठेवलीस तर मुलांना क्रिकेट खेळता येईल, पण टोकाच्या घरातली आजी तिथवर जाणार नाही. चार तुकडे केलेस तर प्रत्येक गल्लीला बसायला जागा मिळेल, पण मोठ्या मुलांचं काय? आणि तुकड्यांना जोडणारी पायवाट नसेल तर चारही सुने पडतील. माझ्या मते जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर मधलं असतं. एक मोठी जागा, दोनतीन छोट्या, आणि त्यांना ओवणारी गाडीविरहित वाट. पण ते प्रत्येक जमिनीवर नव्याने शोधावं लागतं.

मूळ गोमंतकीय असलेले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात जी वसाहत आखली, तिचा आराखडा इंटरनेटवर मिळेल, तो जरूर बघ. सात घरं ८ बाय ८ मीटरच्या एका चौकाभोवती. असे तीन गट मिळून २१ घरं, आणि त्यांच्यात १२ बाय १२ मीटरचा मोठा चौक. असं वाढत वाढत शेवटी वसाहतीच्या मधून वाहणाऱ्या ओहोळाकाठच्या सगळ्यांच्या जागेपर्यंत. आपल्याकडे घराचं आंगण, मग वाड्यावरचा पिंपळाचा पेड म्हणजे पार, मग अख्खा गाव जमतो तो मांड अशी जी चढती मोकळीक असते, तीच इथे मोजमापाने आखलेली दिसते. ओहोळाला मागच्या बाजूला टाकलं नाही, त्याला मधली जागा दिली, हे मला त्या आराखड्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

पायवाटांचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत १९२९ मध्ये सुरू झाली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी तिथे गाड्या एका बाजूने आणि माणसं दुसऱ्या बाजूने अशी रचना केली. घरांच्या बैठकीच्या खोल्या बागेकडे, स्वयंपाकघर गाडीच्या गल्लीकडे. गंमत अशी की मुलं गाडीच्या गल्लीतही तितकीच खेळत राहिली, कारण माणसांची येजा तिथे होती. आपल्याकडे चंदीगडचे सेक्टर ८०० बाय १,२०० मीटरचे आहेत आणि त्यांच्या पोटातून जाणाऱ्या हिरव्या पट्ट्यांत पायी चालणाऱ्यांसाठी व्ही-७ नावाच्या वाटा आखल्या आहेत. बाग माणसांच्या रोजच्या वाटेवर असली तर जगते. दुकान, शाळा, देऊळ, बसथांबा यांच्याकडे जाताना जी बाग ओलांडावी लागते तिला राखणदार लागत नाही.

गोव्यातल्या नव्या कॉलन्यांची मोठी चूक मला इथेच दिसते. गावातून तळीकडे, देवळाकडे, शाळेकडे जाणाऱ्या जुन्या वाटा जमिनीतून गेलेल्या असतात. कॉलनीचं कंपाउंड त्यांच्यावर बसतं. मग भिंतीपलीकडची मैत्रीण वीस पावलांवर असूनही तिच्याकडे जायला मुख्य रस्त्याने अर्धा किलोमीटरचा वळसा पडतो आणि बाबांना स्कूटर काढावी लागते. आराखडा करायला बसण्याआधी गावच्या लोकांबरोबर ती जमीन चालून बघणं आणि वहिवाटीची प्रत्येक वाट नकाशावर ओढणं, हे या पेशातलं पहिलं काम आहे.

आता थोडे आकडे, कारण या पेशात नुसत्या आवडीवर भागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत निवासी भागातल्या पदपथाची अडथळ्याविना किमान रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निभावतं. गटारावर लाद्या टाकून केलेला, मध्ये विजेचा खांब असलेला पदपथ त्यात बसत नाही. चढाव १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे एक मीटर चढायला १२ मीटर लांबीचा रॅम्प. पर्वरीसारख्या उतारावर दोन गल्ल्यांमध्ये तीन मीटरचा फरक सहज असतो. तिथे ३६ मीटर हवेत, शिवाय मध्ये थांबायला सपाट टप्पे. एवढी जागा प्लॉट विकल्यावर कुठून आणणार? ती पहिल्याच आराखड्यात राखावी लागते.

आणि पाऊस. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो. त्या २०,००० चौरस मीटर जमिनीवर एका पावसाळ्यात साधारण ६ कोटी लिटर पाणी उतरतं. सड्यावरचा चिरा, म्हणजे जांभा दगड, बरंच पाणी पोटात घेतो आणि खालच्या झरींना, विहिरींना पोचवतो. त्यावर पेव्हर आणि काँक्रीट घातलं की तेच पाणी खालच्या वाड्यावर लोंढा होऊन जातं. म्हणून बागेची जागा पाणी जिथे आपसूक जमतं तिथे, पण मुलांची खेळायची जागा आणि वाट त्याच्या थोडी वर, असा विचार करावा लागतो. वाटेला आडवा उतार साधारण ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर ठेवला तर पाणी साचत नाही. गुळगुळीत लाद्यांवर जुलैत शेवाळ धरतं आणि आजी पडते. खडबडीत चिऱ्याची वाट त्यामानाने पाय धरते, पण तीही पावसाआधी घासावी लागतेच.

तुझी झाडांची आवड इथे उपयोगी पडेल. वाटेवर सावलीला ओवळ, सातवीण, सुरंगी, करंज. मोठ्या जागेत माट्टी, आंबा, फणस. बसायच्या बाकावर जांभूळ नको, मुलांच्या घसरगुंडीजवळ माड तर अजिबात नको. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या कॉलनीत लॉन लावणं मला अन्यायाचं वाटतं. आणि जमिनीवर आधीपासून उभी असलेली झाडं नकाशावर घेऊन मग रस्ता वळवायचा. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे गोव्यात झाड तोडायला परवानगी लागतेच, पण चांगला आराखडा परवानगी मागायची वेळच कमी आणतो.

आता शिक्षण. माझी पहिली पसंती बी.आर्च., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांची. पणजीत आल्तिनोवर गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे, सरकारी आहे, घरापासून लांब नाही. त्यासाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा दे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, ते तुझ्याकडे आहे. लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची आखणी, हा आपल्या देशात बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा दोन वर्षांचा विषय आहे आणि त्याला साधारणपणे बी.आर्च. लागतं. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर (एसपीए), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्यातलं मुलींचं भानुबेन नानावटी कॉलेज इथे तो शिकवला जातो. पदवीनंतर लगेच जाऊ नकोस. दोन वर्षं एखाद्या ऑफिसात काढ, साइटवर चिखलात उभी राहा, मग जा.

प्लॉट आखण्यापेक्षा नियम आणि गावांचे आराखडे करण्याकडे ओढा असेल तर बी.प्लॅन., म्हणजे नियोजनाची पदवी, चार वर्षांची. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीएला जेईई मेनचा पेपर २-बी लागतो. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेतही हा अभ्यासक्रम आहे. फक्त झाडांतच रमणार असशील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्या आहे. चांगलं शिक्षण आहे, पण तुझ्या पत्रातला राग मला झाडांपेक्षा आखणीबद्दलचा वाटला.

बाबांची गोष्टही सोडून देण्यासारखी नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल केलंस तर पाणी, उतार, रस्ते पक्के होतील, आणि पुढे गेट ही परीक्षा देऊन एम.प्लॅन.ला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाता येतं. घरच्यांना बी.आर्च.ची पाच वर्षं जड वाटत असतील तर हा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर ठेव. कॉम्प्युटर मात्र केवळ भीतीपोटी घेऊ नकोस. गणिताचे पासष्ट मार्क हे नकार देण्याचं कारण नाही. या कामात लागणारं गणित म्हणजे क्षेत्रफळ, उतार, प्रमाण, आणि ते तू सरावाने सुधारू शकतेस. जेईईच्या पेपरसाठी मात्र वेगळी मेहनत लागेल, हे आत्ताच धरून चाल.

गोव्यात काम आहे, पण ते सोपं नाही. मोठ्या प्रकल्पांना बरेचदा बाहेरच्या शहरांतले सल्लागार बोलावले जातात. इथल्या ऑफिसांत सुरुवातीचा पगार सिव्हिलच्या मुलांपेक्षा जास्त नसतो, आणि पहिली वर्षं दुसऱ्यांचे आराखडे गिरवण्यात जातात. लँडस्केप आर्किटेक्टसाठी वेगळी कायदेशीर नोंदणी आपल्याकडे नाही, म्हणून आर्किटेक्ट कायद्याखालची नोंदणी हाती असणं हाच आधार, आणि बी.आर्च. आधी म्हणण्याचं हेही कारण आहे. सरकारी नोकरीत टीसीपी खातं, पीडीए, नगरपालिका इथे जागा निघतात. त्यासाठी कोकणी यावी लागते, मराठी आली तर चांगलंच, आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. गोव्याच्या मातीची, पावसाची आणि वाटांची जाण असलेली मुलगी त्या खात्यात बसली तर क्षेत्रफळाच्या रकान्यापलीकडे बघणारं कुणीतरी तिथे असेल. मला हे मनापासून हवं आहे.

परीक्षेच्या अभ्यासातून वेळ मिळेल तेव्हा मावशीच्या कॉलनीत टेप घेऊन जा. आजी रोज जिथून चालते ती वाट मोज, कुठे अडते ते लिही, कुठे सावली नाही ते कागदावर ओढ. नाटासाठी याहून चांगला सराव नाही. मावशीला हेही सांग की २०१६ च्या रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात उद्यानं आणि खेळायच्या जागा सामाईक जागा धरल्या आहेत, आणि मंजूर नकाशातल्या अशा जागा बदलायच्या तर किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. तिने मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि जाहिरातीतला हिरवा रंग त्यात कुठे आहे ते बघावं. ती प्रत मिळाली की तुझ्या मोजमापांसोबत मला पाठव. आजीसाठी वाट कुठून काढता येईल ते आपण दोघी बसून बघू.