छाटणीच्या काड्या, बुरशीचे दिवे आणि आईची ठेव

प्रश्न : मी इंटिरियर डिझायनर, वय ३४, नाशिकला गंगापूर रोडवर राहते. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या आणि बुरशी यांच्यापासून दिव्यांच्या शेड आणि आवाज शोषणारी पॅनेल बनवायचं युनिट सातपूरला टाकायचं आहे. काड्या फुकट मिळतात. खर्च २० लाख, त्याचा तक्ता सोबत जोडला आहे. माझी मुदत ठेव ९ लाख, मुलीच्या शिक्षणासाठीचे म्युच्युअल फंड ६ लाख आणि आई द्यायला तयार आहे ती तिची ७ लाखांची ठेव. मिस्टरांचा पगार ६८ हजार, माझी कमाई महिना साधारण ४५ हजार. घराचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ४० हजार. कर्ज नको वाटतं. सगळं मोडून सुरुवात करू का?

उत्तर : ताई, आईची ठेव मोडू नका. उद्या पैसे अडकले तर आई ते परत मागणार नाही, आणि म्हणूनच ते घेऊ नयेत. मुलीच्या फंडालाही हात लावू नका. उरतात तुमचे ९ लाख. त्यातले ३ लाख या कामात जरूर घाला, आणि हे मी मनापासून सांगतोय.

या साहित्यावर माझा विश्वास आहे. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये मोमा पीएस१ या कलासंग्रहालयाच्या अंगणात बुरशीच्या धाग्यांनी बांधलेल्या सुमारे १० हजार विटांचा मनोरा उभा राहिला होता. मक्याच्या ताटांचा भुगा साच्यात भरायचा, त्यात बुरशी वाढू द्यायची आणि आकार धरला की उष्णता देऊन तिची वाढ थांबवायची. काम झाल्यावर त्या विटांचं खत झालं. आपल्याकडे थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, तरी त्याची जागा घेणारं चांगलं साहित्य कमीच दिसतं. तुम्ही ते नाशिकच्या मातीतून करू पाहताय, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण दुसरी बाजूही बघा. बोल्ट थ्रेड्स या अमेरिकन कंपनीने बुरशीपासून मायलो नावाचं चामड्यासारखं साहित्य काढलं. अ‍ॅडिडास, स्टेला मॅकार्टनी अशी नावं सोबत होती. तरी २०२३ मध्ये भांडवल मिळेना म्हणून उत्पादन थांबवावं लागलं. साहित्य चांगलं होतं, पण पैसा आधी संपला. तुमच्या २० लाखांच्या तक्त्यात मला तोच धोका दिसतो.

तक्त्यात ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), ड्रायर, साचे, शेडचं डिपॉझिट, सगळं आहे. तुमचा स्वतःचा पगार मात्र नाही. पूर्ण वेळ युनिटला दिला तर वर्षाचे ५ लाख ४० हजार बुडतात. खेळतं भांडवलही नाही. महिन्याला २ लाखांचा माल उधारीवर गेला आणि पैसे ६० दिवसांनी आले, तर ४ लाख कायम बाहेर अडकून राहतात. म्हणजे तुमचा खरा खर्च २० नाही, २९ लाखांच्या पुढे आहे. ठेवी आणि फंड मिळून २२ लाखांतून २० काढले की हाती राहतात २ लाख. मिस्टरांची नोकरी अडचणीत आली तर हप्ता आणि घरखर्च मिळून लागणाऱ्या महिना ७१ हजारांना ते तीन महिनेही पुरणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी पैशाची वाटत नाही पण आहे. काड्या फुकट मिळतात असं तुम्ही लिहिलंय. त्या मिळतात एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला. मधले महिने त्या कोरड्या ठेवायला जागा लागते, बारीक करायला यंत्र आणि मजूर लागतो. शिवाय केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी बागेवर बुरशीनाशकाच्या किती फवारण्या होतात, हे निफाड-दिंडोरीत कोणालाही विचारा. त्याच काड्यांवर तुम्हाला बुरशी वाढवायची आहे! फवारणीचा अंश राहिला तर साचेच्या साचे वाया जाऊ शकतात. मोठी यंत्रं घेण्याआधी हे कळलं पाहिजे. इगतपुरी-त्र्यंबककडचा भाताचा पेंढा सोबत वापरून बघा. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) त्याच्यावर उत्तम येते.

म्हणून ३ लाखांत असं करा. प्रयोगशाळा उभारू नका. अळिंबीचं उत्पादन घेणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे जागा भाड्याने घ्या आणि स्पॉन, म्हणजे बुरशीचं बियाणं, विकत आणा. वस्तू एकच ठेवा : दिव्याची शेड. ती तुम्ही तुमच्याच कामांमध्ये बसवू शकता आणि एलईडी फारसा तापत नाही. पॅनेल ऑफिसला विकायची तर आग आणि ध्वनिशोषण या दोन्हींचे चाचणी अहवाल मागतील. तो खर्च आत्ता नको. दुसरं गिऱ्हाईक म्हणून वायनरीकडे जा. भेटीच्या बाटलीला साच्यातलं पॅकिंग शोभून दिसतं, आणि हा माल हलका पण जागा खाणारा असल्यामुळे गिऱ्हाईक जवळ असणं हाच फायदा. पावसाळा मात्र मध्ये यायलाच हवा. कोरडी केलेली शेड जुलैच्या दमट हवेत दोन महिने टांगून ठेवा, डाग पडतात का, वास येतो का, आकार बिघडतो का ते पाहा. हे सगळं आठवड्यातले दोन दिवस देऊन होईल, बाकीचे दिवस डिझाइनचं काम चालू ठेवा. उरलेल्या ६ लाखांपैकी ४ लाख २६ हजार म्हणजे सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च. तो वेगळाच राहू दे.

कुंभमेळ्यामुळे हॉटेलांच्या ऑर्डरी येतील, त्या घ्या. पण त्यांच्या भरवशावर मोठं शेड घेऊ नका.

कर्ज नको म्हणता, तिथे माझं मत वेगळं आहे. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत चालतो. महिलेला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के. २० लाखांवर म्हणजे सातपूरला ५ लाख, तर सिन्नरच्या एखाद्या गावात ७ लाख. ही रक्कम तीन वर्षं बँकेत अडकलेली असते, लगेच हातात येत नाही. योजनेतलं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला मिळतं, त्यामुळे कर्ज मंजूर होण्याआधी स्वतःच्या पैशाने यंत्रं घेऊन बसू नका. अर्ज करताना योजना चालू आहे ना आणि अटी त्याच आहेत ना, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. बँकेचा हप्ता सुरू होणार असला तरी आईची ठेव जाण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र काम सुरू करतानाच करा, ती मोफत आहे. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. तरीही इंटिरियरच्या धंद्यातली अर्धे पैसे आगाऊ घ्यायची पद्धत सोडू नका.

आईची ठेव एकाच बँकेत असेल तर मुदत संपल्यावर दोन बँकांत विभागा, कारण विम्याचं संरक्षण व्याज धरून ५ लाखांपर्यंतच असतं. पतसंस्थेत असेल तर तेही नाही. ते आधी तपासा.

पावसाळ्यानंतर तीन आकडे घेऊन या : शंभर साच्यांतले किती बिघडले, एका शेडला तुमचे तास धरून किती खर्च आला, आणि ओळखीबाहेरच्या किती जणांनी पूर्ण किंमत देऊन ती घेतली. शंभरात दहापेक्षा कमी बिघडले असतील आणि अनोळखी गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा मागणी केली असेल, तर बँकेसाठीचा प्रकल्प अहवाल आपण एकत्र बसून करू.