डि'सोझांच्या नावात तिरकी रेघ कुठून आली?

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची साइट एका ओळखीच्या मुलाने २००९ मध्ये करून दिली. शेअर्ड होस्टिंग, कोड पीएचपी भाषेच्या ५.२ आवृत्तीत. डि'सोझा आडनावाची तीन कुटुंबं सभासद आहेत. त्यांचा फोन नंबर बदलून सेव्ह केलं की नाव डि\'सोझा होतं. पुढच्या वेळी तीन रेघा, मग सात! होस्टिंगवाले सर्व्हरची सेटिंग बदलायला तयार नाहीत.
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : एक, तीन, सात हे तुम्ही मोजून कळवलंत, त्यातच निदान आलं. सर्व्हरवर मॅजिक कोट्स ही पीएचपीची जुनी सेटिंग चालू आहे. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी, आणि आधीच्या बॅकस्लॅशआधीही, ते आपणहून बॅकस्लॅश (तीच तिरकी रेघ) लावतं. वर त्या मुलाने कोडमध्येही एस्केपिंग, म्हणजे अशाच रेघा लावण्याचं काम, केलंय. डेटाबेस एकच थर उतरवतो, दुसरा नावात मुरतो. पुढच्या सेव्हला जुन्या रेघा दुप्पट होतात आणि नवी एक पडते.

कोडमधून सेटिंग बदलणाऱ्या आयएनआय-सेटने हे बंद होत नाही, कारण तुमची फाइल सुरू होण्याआधीच रेघा पडलेल्या असतात. एचटीॲक्सेसमध्ये (फोल्डरपुरत्या सूचना सर्व्हरला देणारी फाइल) मॅजिक कोट्स बंद करणारी पीएचपी-फ्लॅगची ओळ टाकून बघा. पीएचपी सीजीआयवर, म्हणजे सर्व्हरपासून वेगळा प्रोग्राम म्हणून, चालत असेल तर साइट ५०० एरर देईल. ओळ लगेच काढा. काही ठिकाणी फोल्डरमधली स्वतःची पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल चालते. तेही जमलं नाही, तर सगळीकडे इन्क्लूड होणाऱ्या फाइलच्या अगदी वर, मॅजिक कोट्स चालू आहे का हे तपासून गेट, पोस्ट आणि कुकी या बाहेरून येणाऱ्या डेटावर स्ट्रिपस्लॅशेस हे रेघा काढणारं फंक्शन फिरवा. रिक्वेस्ट ही त्याच डेटाची वेगळी प्रत असते, तिच्यावरही. चेकबॉक्सचे ॲरे (एकात अनेक व्हॅल्यू) येत असतील तर आतपर्यंत जायला हवं.

पण थांबा, यातलं काहीही करण्याआधी प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, उघडून वाचा. ऐरोलीतल्या एका क्लासच्या साइटवर मी आधी मॅजिक कोट्स बंद केलं आणि मग क्वेऱ्या बघायला बसले. एका पानावर एस्केपिंग नव्हतंच, ते त्या रेघांच्याच आधारावर उभं होतं. एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे फॉर्ममधून स्वतःच्या आज्ञा घुसवणाऱ्याला, दार सताड उघडं, आणि आत मुलांचे पत्ते. तुमच्याकडेही सभासदांचे फोन नंबर आहेत. म्हणून क्वेऱ्या पीडीओ या पीएचपीच्याच सोयीतल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर (यात आज्ञा आणि डेटा वेगळे राहतात) न्या, ५.२ वर ते चालतं. मग हाताने केलेलं एस्केपिंग काढा आणि शेवटी मॅजिक कोट्सकडे वळा.

डेटाबेसमधली जुनी नावं बॅकअप घेऊन हातानेच दुरुस्त करा. तीन कुटुंबांसाठी स्क्रिप्ट कशाला?

५.२ वर मात्र राहू नका. मॅजिक कोट्स ५.४ मध्ये, २०१२ साली, काढूनच टाकलं. पीएचपी ७ मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शनं गेली, आणि मॅजिक कोट्स तपासणारं फंक्शन ८ मध्ये. म्हणजे वर सांगितलेली तपासणी तिथे साइटच बंद पाडेल. नव्या आवृत्तीवर हलवताना ती आठवणीने काढा.

सगळं झालं की डि'सोझांचं नाव उघडा, चौकटीत ते पूर्ण दिसलं तरच तीनदा सेव्ह करून बघा. उघडल्यावर नुसतं 'डि' दिसलं तर घाबरू नका, डेटाबेसमध्ये नाव पूर्ण आहे. त्या पानाच्या कोडमध्ये व्हॅल्यू एकेरी अवतरणात असेल, म्हणून ती मध्येच तुटते. तिथे एचटीएमएल-स्पेशलकॅर्स या फंक्शनला ईएनटी-कोट्स हा पर्याय द्या, म्हणजे एकेरी अवतरणही सुरक्षित होतं. तोवर मात्र ते पान सेव्ह करू नका.